सातव्या घराचा आकडा

ता. ४ मार्च

ती. मामा आणि मामी यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी खुर्चीत नाही, टेबलावर बसून लिहिते आहे, पाय हलवत. मोजणीच्या खोलीत आत्ता कोणी नाही. कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही आणि तपासल्याशिवाय सांगवत नाही, म्हणून आधी सगळं तीनदा तपासलं आणि मगच पाकीट काढलं. मामा, आकडा आला! म्हणजे आल्यासारखा आहे. आमच्या खात्याच्या प्रमुख बाईंची सही व्हायची आहे, तोवर हे गुपित समज.

मामीसाठी पहिल्यापासून सांगते, कारण मागच्या पत्रात तिने लिहिलं होतं की मी माणसांची हाडं मोजते एवढंच तिला कळतं आणि ते चारचौघांत सांगायची तिला चोरी वाटते. मामी, खुबा बदलतात तेव्हा मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा ठोकून बसवतात आणि त्याच्या डोक्यावर गोळा चढवतात. दांडा हाडापेक्षा फार कडक. अंगाचा भार वरून आला की दांडा म्हणतो, तुम्ही बसा, मी आहे ना, आणि सगळा भार परस्पर खाली नेतो. वरच्या हाडाला काही काम उरत नाही. आणि शरीर इतकं हिशेबी, की बसून खाणाऱ्या हाडाला ते पोसत नाही. ते हाड हळूहळू विरळ होतं. दांड्याभोवतीच्या हाडाची आम्ही कागदावर सात घरं पाडतो आणि प्रत्येक घरात हाड किती दाट आहे ते मोजतो, एकदा ऑपरेशननंतर लगेच आणि मग वर्षाने. सातवं घर म्हणजे आतल्या बाजूचं, अगदी वरचं. बुडतं ते नेहमी हेच.

आता गंमत ऐका. आमच्याकडे आधी लांब दांडा बसवायचे. वर्षभरात त्या लोकांच्या सातव्या घरातलं शंभर भागांतले अठरा भाग हाड गेलं. मग आखूड दांडा आला. तो वरच्या वरच अडकतो, त्यामुळे भार वरच्या हाडालाही घ्यावा लागतो. त्या एकतीस जणांची वर्षाची मोजणी जानेवारीत सुरू झाली आणि काल संपली. त्यांचं किती गेलं असेल? सहा! अठराच्या जागी सहा! मी बाईंच्या खोलीत जवळजवळ पळत गेले. वाटेत बादली लाथाडली, आणि बादलीचीच माफी मागितली.

मामा, या एकतीसही जणांची पावलं तुझ्या चौकटीत होती. प्लास्टिकची तडकली तेव्हा तू ती लाकडाची करून दिलीस म्हणून तर हे सगळं निभावलं. पाऊल दर वेळी तितकंच आत वळलेलं हवं, कारण पावलाबरोबर मांडी फिरते. आणि अजूनही यंत्राच्या उजेडाची रेघ पायावर ठेवताना मी तू शिकवल्यासारखा श्वास धरते. परवा एका काकांनी मला बघून आपलाही धरला आणि लालबुंद झाले.

तुझ्या खुब्यात कोणता दांडा घालायचा ते माझ्या आकड्यावर ठरवणार म्हणाला होतास ना? पंधरा दिवस थांब. सहीनिशी सांगते. माझ्यावरचा लोभ भार पडूनही घटणार नाही अशा जातीचा आहे, हे माहीत असूनही तो राहू द्यावा अशी विनंती.

तुमची,
मुंगी


ता. ११ मार्च

चि. मुंगीस,
आशीर्वाद. एक माझा आणि एक मामीचा. मामीचा जड आहे, पाकीट सांभाळून उघड.

तुझं पत्र मी कारखान्यात उभं राहून मोठ्याने वाचलं. उभं राहून म्हणजे ओट्याला टेकून. कडक दांड्याचा नियम ऐकून तुझी मामी म्हणाली की हे शोधायला यंत्र कशाला लागलं? घरात एकाने सगळा भार उचलला की बाकीचे विरळ होतात, हे तिला पंचवीस वर्षं दिसतं आहे. आणि एवढं बोलून ती माझ्याकडे बघतच राहिली. मी म्हटलं, बरोबर आहे, मी सातवं घर. ती म्हणाली की सातव्या घराने निदान स्वतःचा कप तरी विसळावा.

माझ्या खुब्याचं म्हणशील तर तो आता बोलायला लागला आहे. सकाळी उठताना कुरकुर, दुपारी तक्रार, संध्याकाळी शिव्या. चालताना मी एका बाजूला इतका कलतो की समोरच्याला वाटतं मी वाकून नमस्कार करतोय. काल तिघांनी उलट नमस्कार केला. त्यातला एकही ओळखीचा नव्हता. त्यामुळे प्रतिष्ठा वाढली आहे म्हणायला हरकत नाही.

डॉक्टर म्हणतात, दोन्ही दांडे चांगले, हवा तो घ्या, एप्रिलमध्ये करून टाकू. मी सांगितलं, भाचीचा आकडा आल्याखेरीज या पायाला कोणी बोट लावायचं नाही. ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतोय. अगं, ज्या पोरीला मी खोके मोजून बेरीज शिकवली, तिच्या आकड्यावर नाही तर कोणाच्या आकड्यावर मी माझा पाय ठेवायचा? शाळेत घालायच्या आधी तुझी आई कामावर जाताना तुला माझ्या ओट्यावर ठेवून जायची. तू सहा वर्षांची असताना माझी पट्टी अर्ध्या सुताने खोटी आहे म्हणून रडली होतीस. आणि ती खोटीच होती. तेव्हापासून मी तुझ्यापुढे मापाच्या गोष्टीत तोंड उघडत नाही.

आणि हो, तुझ्या यशात माझा पाव हिस्सा आहे, तो आता उघड करतो. जानेवारीत तुझ्याकडे आलो होतो तेव्हा बाकावर बसलो असताना एक बुटक्या आजी तुझ्या खोलीतून घोटा चोळत बाहेर आल्या. म्हणाल्या की आतलं ते लाकडी चावतं. माझ्या हातची वस्तू, आणि चावते! तू जेवायला गेली होतीस. पिशवीत छोटा रंधा होताच. आत गेलो, चौकटीची आतली कड दोन सूत तासली, कोपरे कानसीने मारले, वर लोकरीच्या मऊ नमद्याची पट्टी चिकटवली. स्वतःचं पाऊल घालून बघितलं. काय सांगू, डोळा लागेल असं सुख. तुला सांगितलं असतं तर परवानग्या काढत बसली असतीस, म्हणून नाही सांगितलं. त्यानंतर कोणी घोटा चोळत आलं का, सांग बरं? कारागिराने आपल्या वस्तूची लाज आपणच राखावी.

पंधरा दिवस थांबतो. तूही माझ्यावर लोभ ठेव, आणि ठेवलास की मामीला दिसेल असा ठेव.

तुझा,
मामा


ता. १४ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

दोन सूत! पाव इंच!

तुझं पत्र मी जिन्यात वाचलं आणि जिन्यातच बसले. मागून येणाऱ्या दोन परिचारिकांनी मला ओलांडून जाताना विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. मी म्हटलं, मामाने रंधा मारला. त्यांनी फार हळहळून मान हलवली.

मामा, मी गुण्या, तुझी ती काटकोनी पट्टी, लावून चौकट मोजली. कड उतरल्यामुळे पाऊल आत वळून राहत नाही, आरामात बाहेर पडतं. चांगलं दहा अंश. मग आमच्याकडे प्लास्टरच्या मांडीत बसवलेलं नमुन्याचं हाड आहे, दांड्यासकट, ते यंत्राखाली ठेवलं. एकदा जुन्या कोनात, एकदा तुझ्या सुखाच्या कोनात. त्या बिचाऱ्या प्लास्टरचं सातवं घर पाच मिनिटांत भरून आलं! आतल्या बाजूला हाडाचा एक उंचवटा असतो. पाय बाहेर फिरला की तो समोर येतो, आणि यंत्राला वाटतं, अरे वा, इथे केवढं हाड आहे. हाड तितकंच. दिसलं तेवढं जास्त.

आणि लांब दांड्याच्या सगळ्यांची वर्षाची मोजणी डिसेंबरात संपली होती. आखूडवाल्यांची पहिली मोजणी जुन्या कोनातली, आणि वर्षाची सगळी तू येऊन गेल्यानंतरची, तुझ्या नमद्यावरची. म्हणजे अठराचे सहा झाले ते दांड्यामुळे की रंध्यामुळे, हे मला सांगता येत नाही. कदाचित दोघांमुळे. किती कोणामुळे, ते देव जाणे, आणि त्याच्याकडेही जुनी चौकट नाही.

मी तुझ्यावर रागावले का? हो. सव्वाचार वाजेपर्यंत. मग वही उघडून बघितली तर जानेवारीपासून प्रत्येक नावापुढे मी स्वतःच्या हाताने लिहिलं आहे, रुग्ण आरामात, आणि पुढे ऐटीत बरोबरची खूण. एकालाही मी विचारलं नाही की बाबा, तू अचानक आरामात कसा? रोज सकाळी मी यंत्र तपासते. ठोकळा ठेवून तपासते. खोलीचं तापमान लिहिते. दिव्यावरची धूळ पुसते. आणि चौकट तेवढी एकदाही तपासली नाही, कारण ती तू केलेली होती. जगात न तपासता धरलेली माझी एकच वस्तू, आणि तिनेच दगा दिला. तेव्हा चूक पावशेर तुझी, किलोभर माझी.

मग बाईंना सांगायला गेले. बाईंना हसताना कोणी पाहिलेलं नाही. त्यांनी सगळं ऐकलं, पुढ्यातल्या पुड्यातली सगळी बिस्किटं एकेक करून संपवली आणि मग विचारलं की नमदा कोणत्या रंगाचा होता. हिरवा, मी म्हटलं. आणि मामा, त्या हसल्या! नाकातून, शिट्टीसारख्या. म्हणाल्या की चाळीस लोकांसमोर उभं राहून सांगायच्या आधी कळलं, यासाठी तुझ्या मामाला एक पत्र लिहायला हवं, आणि त्याला इमारतीत पाऊल टाकू द्यायचं नाही यासाठी दुसरं. एकतीसही जणांना परत बोलवायचं ठरलं. यंत्राचे किरण इतके थोडे असतात की पुन्हा मोजायला हरकत नाही.

आज दिवसभर मी फोनवर सांगते आहे की चूक आमची, खुबा तुमचा, कृपा करून याल का. गंमत म्हणजे सगळे खूश आहेत. एकदा ऑपरेशन झालं की यांना कोणी विचारत नाही. एका निवृत्त बँडवाल्यांनी तर विचारलं की सुटबुटात येऊ का.

चौकट जुन्या मापाने नवी करून पाठव. गुण्याने तपासून. आणि आत्ता कुठलाही आकडा धरून चालू नकोस. अठरा विसर, सहा विसर. माझं होईपर्यंत थांब.

लोभ कमी करायचा असेल तर आधी कळवावं, म्हणजे मी मोजून ठेवीन.

तुझी,
मुंगी


ता. २ एप्रिल

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या मामाला माहीत नाही. तो चौकट पार्सल करायला गेला आहे. तीन केल्या. दोन स्वतःच नापास केल्या. तिसरी मला दाखवून विचारलं की ही चावते का. मी म्हटलं, चांगली कडकडून चावते. तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं.

तू लहान असताना मी तुला खिळे गुंडाळलेल्या रद्दीवरची अक्षरं लावून वाचायला शिकवलं. म्हणून तुला अर्धवट कागदावरूनही मजकूर कळतो. मामाची पत्रं वाचताना तो कागद फाटलेला आहे असं समज. तो नमस्काराचे विनोद लिहितो. पण गेले चार महिने तो वर झोपायला आलेला नाही. कारखान्यात फळी टाकून झोपतो, म्हणतो तिथे वारा छान लागतो. तिथे खिडकी नाही. गुडघ्यावर बसून करायची सगळी कामं त्याने परत पाठवली. लोकांना सांगतो, लाकूड ओलं आहे. परवा पायरीवर बसला होता, उठता येईना. मी हात द्यायला गेले तर म्हणाला की तो बसून विचार करतोय. चाळीस मिनिटं विचार केला. मग मीच शेजारी जाऊन बसले आणि भाजी निवडली, म्हणजे दोघांनी मिळून तिथे बसलोय असं दिसेल.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पाय वापरात नसल्यामुळे मांडी बारीक होत चालली आहे, आणि दुसऱ्या गुडघ्यावर सगळा बोजा येतोय. जितका उशीर तितकं नंतर चालणं अवघड. एप्रिलची तारीख त्याने दुसऱ्या कोणाला जाऊ दिली. आता मेच्या पहिल्या आठवड्यातली देतो म्हणतात. तुझा मामा म्हणतो, मुंगीचा आकडा येऊ दे. आधी पंधरा दिवस म्हणत होता, आता म्हणतो एकतीस माणसं मोजायची म्हणजे वेळ लागणारच, घाई करू नये. हे म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर कशी शांतता असते म्हणून सांगू!

मुली, तो घाबरला आहे. आयुष्यभर दुसऱ्या वस्तूंना करवत लावली, आता स्वतःला लागणार म्हणून. मला हसू येतं आणि रडूही येतं. तुझा आकडा त्याला फार सोयीचा झालाय. त्याच्यामागे तो लपून बसतो, आणि तू त्याची लाडकी म्हणून मला त्याला हुसकून काढता येत नाही. ते तुलाच करावं लागेल. मी सांगितलं असं लिहू नकोस.

तुझ्या दंडावर थोडं मांस येऊ दे. आमची आठवण येत असेल तर ती जेवणाच्या वेळी काढावी, म्हणजे दोन घास जास्त जातील.

तुझी,
मामी


ता. ७ एप्रिल

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

चौकट पोचली. चावते. बाईंनी स्वतःचं पाऊल घालून बघितलं आणि तुझं कौतुक केलं. म्हणजे फक्त तुझ्या कामाचं.

एकतीसपैकी बावीस जण येऊन गेले. आमच्या कॉरिडॉरची जत्रा झाली आहे. एकमेकांना विचारतात, तुम्ही कोणत्या खुब्याचे? उजव्या? अरे वा, आम्हीपण. बँडवाले खरोखर सुटात आले. त्यांच्यात आणि एका निवृत्त गणिताच्या बाईंच्यात खांबापासून खिडकीपर्यंत चालण्याची शर्यत लागली. त्या बाई दोन वर्षांच्या मोजणीला आल्या होत्या, त्यांचा दांडा लांब, सातवं घर सगळ्यांत ओसाड. त्या तीन पावलांनी जिंकल्या आणि बँडवाल्यांना म्हणाल्या की बेटा, वेग म्हणजे अंतर भागिले वेळ. तो बेटा बासष्ट वर्षांचा आहे.

आता आकडा. बावीस जणांचा मिळून चौदा येतो. सहा नाही, चौदा. पण कोणाचं चार गेलंय, कोणाचं तेवीस. नऊ जण अजून यायचे आहेत. म्हणजे आखूड दांडा चांगला असेल, थोडासाच चांगला असेल, किंवा दोन्ही सारखेच असतील. मामा, मला माहीत नाही. हे वाक्य मी तीन कागदांवर लिहून फाडलं, कारण वाटलं की ज्याने मला मोजायला शिकवलं त्याला मी असं उत्तर कसं देऊ? आता फाडत नाही. मला माहीत नाही.

आणि आणखी एक. नऊ जण आले, सही झाली, तरी तो आकडा एकतीस जणांचा असेल. तुझा नसेल. तुझ्या हाडाचं तोंड किती रुंद, भिंत किती जाड, हे तुझ्या डॉक्टरांना फोटोत दिसतं. मला इथून दिसत नाही. तुझ्या पायात काय बसेल, हेही मला माहीत नाही.

मी एवढी घाबरत होते की माझा आकडा चुकला तर तुझा खुबा माझ्यामुळे बिघडेल. रोज उठून हीच भीती. आणि तुझा पाय माझी वाट बघूनच बारीक होत चाललाय, तोही माझ्या आकड्यामुळेच, हे मला सुचलंच नाही. हे मला कसं कळलं ते विचारू नकोस. मला खोटं बोलावं लागेल आणि माझं खोटं तुला लगेच कळतं.

म्हणून आज पहिल्यांदा तुला हुकूम सोडते. माझ्यासाठी थांबू नकोस. मेमधली तारीख घे. दांडा डॉक्टरांना ठरवू दे. जे मला नक्की माहीत आहे तेवढं सांगते, तेही तीनदा तपासून: दोन्ही प्रकारचे लोक माझ्या खोलीत स्वतःच्या पायांनी येतात, खुर्ची नको म्हणतात, आणि जाताना दार धडकन आपटून जातात. येत नाहीत ते फक्त ज्यांनी ऑपरेशनच करून घेतलं नाही.

भीती वाटत असेल तर वाटू दे. मलाही हे पत्र टाकताना वाटते आहे. पण मी पेटीपर्यंत जाणार, आणि तू डॉक्टरांपर्यंत जा. बघू कोण आधी पोचतं.

रागावलास तरी चालेल, पण लोभाचा हात डोक्यावरून काढू नकोस. तिथे मला फार गार लागेल.

तुझी,
मुंगी


ता. ९ मे
हॉस्पिटल, खिडकीजवळचा पलंग

चि. मुंगीस,
आशीर्वाद. आजचे आडवं पडून दिलेले आहेत, थोडे तिरके पोचतील.

आपल्या घरात फितूर कोण आहे ते मला कळलं आहे. ती आत्ता माझ्या उशाशी बसून संत्रं सोलते आहे आणि आपल्याला काही ऐकूच येत नाही असं दाखवते आहे.

तुझं पत्र आलं तेव्हा मी आधी रागावलो. मग म्हटलं, एवढीशी पोर पेटीपर्यंत गेली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जाऊन सांगितलं, तुम्हीच ठरवा. त्यांनी माझा फोटो उजेडाला धरला, डोळे बारीक केले, आणि लांब दांडा म्हणाले. तुमच्या हाडाला तोच घट्ट बसेल. मला पटलं. भोक बघून खुंटी घडवतात, खुंटी बघून भोक नाही. परवा बसवला. गुंगीत मी डॉक्टरांना सांगत होतो म्हणे की ठोकताना आवाज बदलला की थांबा. ते म्हणाले, आम्हीही तेच ऐकतो. सुतारच आहेत बिचारे, नुसते शिकलेले.

काल मला उभं केलं. मुंगे, मी आठ पावलं चाललो. सरळ. कोणाला नमस्कार न करता. तुझी मामी आधी रडली, मग माझ्यावर ओरडली की एवढं सोपं होतं तर चार महिने पायरीवर का बसला होतास. दाराशी उभ्या असलेल्या परिचारिकेने टाळ्या वाजवल्या. ओरडण्याला की चालण्याला, ते विचारलं नाही. आता मला अंगात आल्यासारखं झालंय. दर तासाला घंटा वाजवून विचारतो, पुन्हा चालू का? ते म्हणतात, आजोबा, दमाने. मी आजोबा कोणाचा?

आता खरी बातमी. शेजारच्या पलंगावर एक घड्याळजी आहेत. त्यांचाही खुबाच. तीन दिवस येऊन पडले होते पण कागदावर सही करेनात. डॉक्टर म्हणाले, शंभर टक्के चांगलं होईल. जावई म्हणाला, शंभर टक्के. झाडूवालीसुद्धा म्हणाली, शंभर टक्के. आणि ते जितकं ऐकत तितके भिंतीकडे तोंड करत. मला म्हणाले की चाळीस वर्षं घड्याळं उघडतोय, शंभर टक्के बरोबर चालणारं एकही पाहिलं नाही, ही माणसं मला काय समजतात? मी म्हटलं, माझी भाची हेच मोजते, दिवसभर. त्यांनी मान वळवली. विचारलं, ती काय म्हणते, कुठला दांडा चांगला? मी म्हटलं, ती म्हणते, मला माहीत नाही.

ते उठून बसले. म्हणाले, खरंच असं म्हणाली? पत्र इथेच होतं, ते दिलं. भिंग लावून दोनदा वाचलं. जिथे जिथे तू माहीत नाही लिहिलं आहेस तिथे तिथे बोट ठेवून मोजलं. मग भिंग काढून ठेवलं आणि परिचारिकेला हाक मारून पेन मागितलं. सही करताना म्हणाले की या अख्ख्या धंद्यात खरं बोलणारं एक तरी माणूस आहे. आज सकाळी त्यांचं झालं. दुपारी शुद्धीवर येताना गात होते, भयंकर गात होते, आणि मधूनच थांबून विचारत होते की त्या पोरीच्या खोलीचा पत्ता काय. वर्षाने तुझ्याकडे येणार आहेत. त्यांच्यासाठी चौकट चावरीच ठेव. मी सांगून ठेवलं आहे.

आत्ता टपाल आलं. तुझं जाडजूड पाकीट, वर खात्याचा शिक्का, कोपऱ्यात तुझ्या अक्षरात, अंतिम आकडा, एकतिसांचा, सहीनिशी. मामी म्हणाली, फोड, एवढी वाट बघितलीस. माझ्या पलंगाशेजारी जे टेबल आहे ना, त्याचा एक पाय आखूड आहे. आल्यापासून डुगडुगतंय. कोणी औषध ठेवलं की पाणी सांडतं, पाणी सांडलं की घड्याळजी कण्हतात. हत्यारं मामीने घरीच ठेवून घेतली आहेत. तुझ्या पाकिटाची जाडी मी नखाने बघितली. आखूड पायाखाली सारलं, बरोबर बसलं. टेबल आता जागचं हलत नाही. डॉक्टर तपासायला आले तर त्यांनीही टेकून बघितलं.

घरी जाताना काढून घेईन आणि बसून नीट वाचीन. आत्ता वेळ नाही. काठी घेऊन कोणीतरी दाराशी आलं आहे, आज खिडकीपर्यंत जायचं आहे.

लोभ माझ्याकडून भरपूर आहे. मामीकडून त्याहून जास्त, पण ती संत्रं संपल्यावर कबूल करेल.

तुझा,
मामा